सातव्या बापापर्यंत

तिघे म्हातारे अजून उभेच होते.

मागणी घालायला आलेल्यांनी होकाराचं काहीतरी कानावर पडल्याशिवाय बूड टेकायचं नाही, पाण्याच्या थेंबालासुद्धा शिवायचं नाही, हा रिवाज दरीच्या दोन्ही बाजूंना सारखाच. पण म्हणून कुणी पाऊण तास उभं करतं का? कुलेनी स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बघत होती आणि तिचं डोकं तापत चाललं होतं. तिघांत वयानं मोठे झेवदू. त्यांचा डावा गुडघा लटलट कापत होता. तरी काठीवर भार टाकून गडी हसऱ्या तोंडानं उभा. जमिनीवर सकाळीच पाहुण्यांच्या मानाचं ओलं गवत पसरलेलं, कोंबडीचं कालवण चुलीवर रटरटतंय, आणि त्या वासात पलीकडच्या तीन म्हाताऱ्यांना लेमेसाकाका ताटकळत ठेवून बसलेला.

हे लोक दरीपलीकडचे, अम्हारा. कुलेनीचं घर अलीकडचं, ओरोमो. मध्ये जम्मा नदी आणि तिच्यावर एक पूल. पुलाच्या दोन्ही टोकांना वेगवेगळ्या राज्यांचे पोलीस. देमेलाश त्याच पुलावरनं दिवसातून दोनदा मिनीबस घेऊन यायचा. दहावीत शाळा सोडल्यापासून कुलेनी स्टँडवर तिकिटं फाडायची, तिथंच जमलं. इकडचे पोलीस त्याच्या गाडीची पलीकडची नंबरप्लेट बघून त्याला बाजूला घ्यायचे, तासभर कागद चाळायचे, आणि तो तासभर कुलेनी प्रवाशांच्या शिव्या खायची. तेवढ्यावर प्रेम बसलं म्हटलं तर हसू येईल, पण तसंच झालं.

झेवदू देमेलाशचे चुलत आजोबा. त्यांनी सुरुवात चांगली केली होती. तरुणपणी इकडच्या बाजारात बैल घ्यायला यायचे म्हणून ओरोमो भाषा थोडीफार यायची. दारातच मोडक्या ओरोमोत त्यांनी सगळ्यांची खुशाली विचारली. कुलेनीची आई अस्काले विरघळलीच. पण काकानं हात वर केला.

"मोडतोड नको. तुम्ही तुमच्या भाषेत बोला. आम्ही आमच्या. दुभाषी लावू."

"दुभाषी?" आत्या वोर्के म्हणाली. "अरे लेमेसा, तुला तर..."

"मला काय?"

"काही नाही."

मग वोर्केआत्यालाच दुभाषी केलं. काका तालुका कचेरीत पंचवीस वर्षं पलीकडच्या भाषेत, अम्हारिकमध्ये अर्ज लिहीत आला होता. रागावला की अम्हारिकमध्ये शिव्या द्यायचा, झोपेत बरळला तरी अम्हारिकमध्येच. शाळेत त्याचं नाव पलीकडच्या धाटणीचं, केबेदे होतं, ते त्यानं कोर्टात जाऊन बदलून लेमेसा केलं. आता तो दुभाष्यामार्फत बोलणार! कुलेनीनं पडद्याला चिमटा काढला.

"विचार त्यांना," काका म्हणाला, "तुमच्या पोराला आमची पोरगीच का लागली? पलीकडे दुष्काळ पडलाय का पोरींचा?"

आत्यानं घसा साफ केला आणि अम्हारिकमध्ये सांगितलं, "तो विचारतोय, मुलगा आमच्या मुलीला कुठं भेटला."

"असं नाही म्हणालो मी!" काका ताडकन म्हणाला, आणि मग त्यानं जीभ चावली. झेवदूंच्या मिशा हलल्या. बाकीचे दोघे छताकडं बघायला लागले. त्यांतला एक पाद्री होता, त्यानं तर खोकल्याचं सोंग केलं.

"मुलगा गाडी चालवतो," झेवदू शांतपणे म्हणाले. "गाडी स्वतःची. दारू नाही. तुमची मुलगी आमच्या घरात माझ्या लेकीसारखी राहील."

"राहील. आणि तिची पोरं?" काका आत्याकडं न बघताच थेट म्हणाला, ओरोमोतच. "पोरांच्या ओळखपत्रावर वंशाच्या रकान्यात काय लिहिणार? बापाचं. म्हणजे आमच्या घरातली पोरगी जाणार आणि तुमची चार डोकी वाढणार. मतदानाला उपयोगी."

आत्यानं हे भाषांतर केलंच नाही. पण झेवदूंना तेवढं ओरोमो कळत होतं.

"माझ्या बहिणीचं दुकान तुमच्याच गावात होतं," ते हळू म्हणाले. "बत्तीस वर्षं. मागच्या वर्षी ते जाळलं गेलं, गादी आणि नवरा ट्रकवर टाकून परत आली. आम्ही डोकी वाढवत नाही, आम्ही आहेत ती मोजतो."

"आणि माझ्या बापाचं शेत गेलं तेव्हा?" काका उठून उभा राहिला. "आठ वर्षांचा होतो मी. न्यायाधीश तुमच्या भाषेत बोलला, वकील तुमच्या भाषेत, मालक तुमच्या भाषेत. माझा बाप चार तारखा नुसता मान हलवत उभा होता. निकाल लागला तेव्हा सुटलो असं वाटून हसला बिचारा. हसला! बाहेर आल्यावर कुणीतरी सांगितलं की शेत गेलं."

कुलेनीनं ही गोष्ट शंभरदा ऐकली होती आणि दरवेळी तिला काकाचा राग यायचा राहून जायचा. आजही तसंच झालं. तिनं स्वतःला बजावलं, तू त्याच्या बाजूनं नाहीस, विसरू नकोस.

कोपऱ्यातनं काठी आपटल्याचा आवाज आला. ज्याचं शेत गेलं तो बाप, देचासाआजोबा, मेंढीच्या कातड्यावर बसला होता. नव्वदीला टेकलेला, डोळे गेलेले, पण कान शाबूत.

"शेत माझं गेलं," आजोबा म्हणाले. "रडायचं तर मी रडेन. पाहुण्यांना माझ्या घरात उभं ठेवलंय, याची मला लाज वाटते. बाप मोजा. नावं आडवी आली नाहीत, तर बसवा."

झालं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं असं म्हटल्यावर विषय संपला. दोन्हीकडचे सात सात बाप मोजायचे. सातात एकही नाव सारखं निघालं तर मुलगा-मुलगी बहीणभाऊ, लग्न नाही. नाही निघालं तर बाकी सगळं बोलून मिटवता येतं.

कुलेनीनं उगाचच कालवण ढवळलं. एक दरीच्या या अंगाचं घराणं, एक त्या. नाव सारखं निघेलच कसं?

झेवदूंनी काठी बगलेत धरली आणि बोटं मोडायला सुरुवात केली. "देमेलाशचा बाप बेलाय. बेलायचा मेंगेशा. मेंगेशाचा आसेफा. आसेफाचा लाकेव. लाकेवचा एशेते. एशेतेचा झेनेबे. झेनेबेचा गोशू." मग सवयीनं, म्हातारी माणसं पुढं जातातच तसे, ते पुढं गेले. "लाकेवला एक धाकटा भाऊ होता, तिर्फे. गुरं मेली, माणसं मेली, त्या दुष्काळात हे आठ-नऊ वर्षांचं पोर एकटंच दरी चढून इकडं आलं म्हणतात. परत नाही गेलं. मेलेल्यांच्या जेवणात आम्ही अजून त्याचं नाव घेतो."

कुलेनीचं लक्ष त्या वेळी नेमकं काकाकडं होतं. त्याचा जबडा आवळला गेला. इतका, की कानाजवळची शीर उडायला लागली. तिनं आजोबांकडं बघितलं. आजोबांचे ओठ नुसतेच हलत होते.

"आता तुमचे," झेवदू म्हणाले.

"कुलेनीचा बाप नेगासा. देवानं नेला," आजोबा म्हणाले. "नेगासाचा बाप मी, देचासा. माझा बोरू. बोरूचा जालेता." इथं ते थांबले. श्वास घेतला. "जालेताचा दाधी. दाधीचा हिर्पा. हिर्पाचा तुलू."

पाद्र्यानं बोटं तपासली, मान हलवली. "एकही नाही."

"एकही नाही," झेवदूंचा चेहरा उजळला. "मग बसू?"

"घरच्यांना एक शब्द बोलू द्या," काका म्हणाला. हाही रिवाजच. कुणी आडवं येऊ शकत नव्हतं.

मागच्या अंगणात लाकडाच्या राशीपाशी सगळे जमले. आजोबांना दोन बाजूंनी धरून आणलं. आईनं कुलेनीला आतच थांबायला सांगितलं होतं. कुलेनी अर्थातच थांबली नाही.

"आबा, तुम्ही खोटं मोजलंत," काका म्हणाला.

"जीभ आवर."

"जालेता दाधीचा नव्हता. तुम्हीच सांगितलंत, मला आणि नेगासाला, शेत गेलं त्या रात्री. आपला पणजा दाधीला दरीच्या काठावर सापडला होता. कमरेला नुसतं चिरगुट. पलीकडची भाषा बोलत होता."

वोर्केआत्यानं तोंडावर हात ठेवला. "तिर्फे?"

"तिर्फे. लाकेवचा भाऊ. दाधीला त्यानं हेच नाव सांगितलं होतं, जालेता हे नंतर ठेवलं. म्हणजे जालेताचा बाप एशेते. पाचवा. त्यांचाही पाचवा."

आजोबांनी काठी उगारली, पण कुठं मारायची ते दिसेना. "दाधीनं सगळ्या कुळासमोर त्याला मांडीवर घेतलं! आजपासून हा माझ्या हाडाचा, याला जो परका म्हणेल तो माझा वैरी, असं म्हणून शपथ घातली. दूध पाजलं. त्या दिवसापासून तो दाधीचा. मी खोटं नाही मोजलं. मी शपथ मोजली."

"म्हणजे आपण... आपण त्यांच्यातले?" आत्या लाकडांवर बसली.

आणि आई हसायला लागली. बाबा गेल्यापासून सहा वर्षं कुलेनीनं तिला असं हसताना बघितलं नव्हतं, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "माझी आजी पलीकडची म्हणून पंचवीस वर्षं ऐकवलंत मला," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी. भाकरी करपली तरी आजीचं रक्त. वोर्केताई, सणाला माझ्या हातचं वाढायला द्यायचा नाहीत तुम्ही! आणि तुमचा पणजा, पणजाच!"

"अस्काले, मला माहीत नव्हतं गं," आत्या म्हणाली. आणि एका क्षणात तिनं बाजू बदलली, कुलेनीनं डोळ्यांनी बघितलं. आत्यानं आईचा हात धरला. "लेमेसा, गप्प बस. आबांनी मोजलं ते मोजलं. बाहेर कुणाला माहीत नाही. पोरीचं होऊ दे."

आता तिघं एका बाजूला आणि काका एकटा. काकानं खाली बघितलं, बुटाच्या टोकानं साल उकरत राहिला. अजून दोन मिनिटं कुणी काही बोललं नसतं, तर तो तसाच गप्प राहून आत गेला असता. हे कुलेनीला नंतर कळलं. त्या वेळी तिला फक्त एवढं दिसलं की काका अडकलाय, आणि तिला राहवलं नाही.

"सांगा ना मग," ती पुढं येऊन म्हणाली. "जा, सांगा त्यांना."

"कुलेनी, आत जा," आई म्हणाली.

"का? सांगू दे की. निवडणुकीच्या उमेदवारांच्या यादीत नाव आलंय ना यांचं? पत्रकावर काय छापलंय? नऊ पिढ्या याच मातीतला! चौथ्याच पिढीला चिरगुट नेसून दरी चढून आलेला अम्हारा निघाला म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत नाव खोडतील. कचेरीतली खुर्चीसुद्धा काढून घेतील." तिला स्वतःचाच आवाज चढलेला ऐकू येत होता, पण थांबता येईना. स्टँडवरची सवय. "नाही सांगणार तू. हिंमत नाही तुझी. तुला भाषा नको, माती नको, तुला फक्त खुर्ची पाहिजे. केबेदे!"

ते जुनं नाव या घरात वीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

काकानं मान वर केली. त्याला राग आलेला नव्हता, हेच भयंकर होतं. तो अगदी शांत होता.

"खुर्ची," तो म्हणाला. "बरं." आणि वळून आत गेला.

"तू गप्प बसली असतीस," आत्या कुजबुजली, "तर तो गप्प बसला असता गं बाई."

कुलेनी पळतच पडद्यापाशी आली. काका पाहुण्यांसमोर उभा होता, दुभाष्याशिवाय. आणि तो अम्हारिक बोलत होता. काय बोलत होता! रेडिओवर बातम्या देणारे बोलतात तसं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. तिर्फेचं दरी चढणं, दाधीचं मांडीवर घेणं, जालेता हे नाव, सगळं त्यानं नीट लावून सांगितलं, कचेरीत एखादी फाइल वाचून दाखवावी तसं. शेवटी म्हणाला, "म्हणून मुलगी देता येत नाही. ती तुमचीच आहे."

झेवदूंच्या हातून काठी पडली.

"तिर्फेचं रक्त?" ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात पसरून काकाला मिठी मारली, या खांद्याचं चुंबन, त्या खांद्याचं, परत या. रडायलाच लागले. "आमची आजी मरताना त्याचं नाव घेत होती रे. लांडग्यानं खाल्लं म्हणून बसलो होतो आम्ही."

"दाधीनं दूध पाजलं होतं!" आजोबा दारातनं ओरडले. "तो धुतला गेला! हे नातं लागत नाही!"

पाद्र्यानं मान हलवली. "बाबा, दुधानं मुलगा होतो. पण आधीचं रक्त जात नाही. पाचवाच बाप. मी लग्न लावू शकत नाही."

आणि मग ते बसले. तिघेही. आता ते मागणी घालायला आलेले थोडेच होते? नातेवाईक होते. नातेवाइकांनी बसायला होकार कशाला पाहिजे? झेवदूंनी गुडघा चोळत हुश्श केलं. इंजेराच्या आंबट भाकऱ्यांची परात आली, कोंबडीचं कालवण आलं, कुलेनीनं पहाटेपासून खपून केलेलं, साखरपुड्याचं. काकानं स्वतःच्या हातानं घास करून झेवदूंच्या तोंडात भरवला, भावाला भरवतात तसा. झेवदूंनी काकाला भरवला. आजोबा तेवढे भिंतीकडं तोंड करून बसले. "ते पोर आज दुसऱ्यांदा अनाथ झालं," एवढंच म्हणाले, आणि कुणी दिलेलं काही घेतलं नाही.

"मुली, ये," झेवदूंनी हाक मारली. "आमच्या रक्ताची तू. ये, तुझ्या माणसांना भेट."

कुलेनी गेली. तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं गेलं, तीनदा. तिला वाटलं, परात उचलावी आणि सगळ्यांच्या टाळक्यात घालावी.

"एक विनंती," काका हात पुसत म्हणाला. आवाज खाली आला होता. "हे बाहेर जाऊ नये. माझ्या नावाचं... तुम्हाला माहितेय दिवस कसे आहेत."

कुलेनीला वाटलं, आता म्हातारा भडकेल. शंभर वर्षांनी सापडलेला भाऊ लपवायचा? पण झेवदूंनी लगेच मान हलवली, जणू ते हेच म्हणायची वाट बघत होते.

"आमच्याकडं तरी कुठं सांगता येतंय?" ते म्हणाले. "माझ्या बहिणीच्या पोरांना कळलं, की ज्यांनी दुकान जाळलं त्यांच्यात आमची भाऊबंदकी आहे, तर माझ्याच दाराला काडी लावतील. नको. लोकांना सांगू, भाषेवरून फिस्कटलं."

"भाषेवरून," काका म्हणाला.

"ते सगळ्यांना पटेल," पाद्री म्हणाला आणि बोटं चाटली.

कुलेनी मागच्या दारानं निघाली. कुणी अडवलं नाही. आईनं बघितलं आणि मान फिरवली.

देमेलाश स्टँडवर गाडीतच बसून होता. रिवाजाप्रमाणं मुलानं घराच्या आसपास फिरकायचं नाही. ती पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली. तिला धावल्यानं धाप लागली होती.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"काय झालं? नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले. तू गाडी काढ. पुलापलीकडं, तिथनं राजधानीला, कुठंही. कुणी शोधणार नाही आपल्याला, शोधण्यात दोन्ही घरांची अडचण आहे."

"का पण? तुझा काका..."

खोटं बोलायची संधी होती. भाषेवरून फिस्कटलं म्हणाली असती, तर तो चिडला असता, शिव्या घातल्या असत्या आणि किल्ली फिरवली असती. पुलापर्यंत पोचले असते ते. पण आयुष्यभर बाजूला झोपणाऱ्या माणसाला ही गोष्ट माहीत नाही, आणि आपल्याला आहे, असं तिला जगता येणार नव्हतं. तिनं सांगितलं. तिर्फे, दाधी, सगळं, चार वाक्यांत.

देमेलाश आधी हसला. "काहीतरीच!"

"आजोबा म्हणतात दूध पाजल्यावर नातं तुटतं," ती घाईनं म्हणाली. "आणि पाच पिढ्या म्हणजे किती वर्षं झाली रे! कोण ओळखतं कुणाला? तुझ्या गाडीत रोज चढणाऱ्या माणसांत असले किती..."

तो ऐकत नव्हता. त्याचे ओठ हलत होते. डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगवर एकेक करून आपटत होती. बेलाय. मेंगेशा. आसेफा. लाकेव. पाचवं बोट वर उचललं गेलं आणि तिथंच राहिलं.

उजवा हात तिच्या हातावर होता. तो त्यानं काढून घेतला. झटकन नाही, हळूच, तिला लागू नये म्हणून. लहान बहिणीच्या अंगावरचा हात काढावा तसा.

"देमेलाश."

तो समोरच्या काचेतनं बाहेर बघत राहिला. मागं दोन बायका कोंबड्या घेऊन चढल्या, आणि त्यांतली एक विचारत होती की गाडी कधी सुटणार.

कुलेनी खाली उतरली. दार धरून क्षणभर उभी राहिली.

"लोकांनी विचारलं तर सांग, भाषेवरून फिस्कटलं," ती म्हणाली. "सगळ्यांना पटतं म्हणे." मग ती मागच्या बायकांकडं वळली आणि रोजच्या आवाजात ओरडली, "सुटतेय, सुटतेय! तिकिटं काढा!"